बुवांची गादी

आमच्या सोनईत गाणारे पुष्कळ होते. देवळात भजनी मंडळ होतं, चर्चमध्ये आम्ही होतो, आणि जत्रेला तमाशा येऊन गेला की पुढं महिनाभर गल्लोगल्ली गवई उगवायचे. ऐकणारा मात्र गावात एकच होता, कादर पिंजारी. बाकीचे ऐकतात असं दाखवून आपली पाळी कधी येते याची वाट बघत बसायचे.

मी लग्न होऊन सोनईला आले ती चव्वेचाळीस साली. सासरे प्रभुदास मास्तर मिशनच्या शाळेत शिकवायचे. नवरा शांतवन नगरला एका दवाखान्यात कंपाउंडर होता. शनिवारी यायचा, सोमवारी जायचा. मामंजींकडे एक फोनो होता, विलायतेला परत गेलेल्या एका मडमेनं जाताना दिलेला. रेकॉर्डी तीनच. एकीवर बँड, दुसरीवर विलायती चर्चमधली गाणी, आणि तिसरीवर बुवा.

बुवा म्हणजे कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ती रेकॉर्ड मामंजींनी नगरच्या जुन्या बाजारातून आणलेली. तिच्यावरचा नावाचा कागद झुरळांनी खाल्लेला. आवाज भारी, खालचा, सावकाश चालणारा. शब्द हिंदी होते, तेही धड कळत नसत. कुणाला तरी ‘ये’ म्हणून विनवणी चाललीय एवढंच समजायचं. नाव नाही, गाव नाही, म्हणून सगळे त्यांना नुसतं बुवा म्हणायचे.

दर रविवारी संध्याकाळी कादरचाचा आमच्या ओसरीवर यायचे. दिवसभर कापूस पिंजायच्या तातीचा एकच सूर ऐकलेला माणूस. दाढीत कापूस, भुवयांत कापूस. रांजणाजवळ जाऊन ते आधी हातपाय धुवायचे, मग उपरण्याच्या टोकानं कान स्वच्छ पुसायचे, आणि मगच बसायचे. आता बटण दाबलं की हवं ते गाणं लागतं. पण गाण्यासाठी हातपाय धुणारा माणूस त्यानंतर मी पाहिला नाही, आणि त्यांची आठवण आली की अजून जीव हळहळतो.

त्यांची आवडनिवड मोठी कडक. मामंजी कौतुकानं चर्चची रेकॉर्ड लावायचे, तर चाचा म्हणायचे, “मास्तर, हितं गर्दी लई हाय. समदेच बोलाया लागल्यावर ऐकायचं कुनाचं?” बँड लागला की सरळ पान जुळवायला घ्यायचे. बुवा लागले, की डोळे मिटायचे. गाण्यात मध्येच एक जागा होती. वरच्या सुरावर जायच्या आधी बुवा दम घ्यायचे, चांगला लांबलचक. त्या जागी चाचांचा उजवा हात आपोआप वर उठायचा आणि स्वतःचा श्वास ते धरून ठेवायचे. बुवांनी सूर लावला की मगच सोडायचे.

हे सगळं मी पाहिलं ते दाराआडून. सासऱ्यांसमोर सुनेनं बसायचं नाही, अशी रीत. येशूपुढं सगळे सारखे, हे मामंजी दर रविवारी चर्चमध्ये सांगायचे, पण घरी आल्यावर मी आपली चौकटीला टेकून उभीच. दिवसभर दळून-कांडून पाय मोडून आलेले असायचे. मी या पायावरून त्या पायावर व्हायची. एकदा माझ्या बांगड्या वाजल्या, तर चाचांनी मान न वळवता हातानंच गप्प राहायला सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्याच घरात मला गप्प करणारे हे कोण लागून गेले!

पुढं एका थंडीत ते आमच्या गाद्या पिंजायला आले. अंगणात कापूस उडत होता. एका बाजूला, धोतराच्या धडप्याखाली, त्यांनी निवडक पांढराशुभ्र कापूस वेगळा ठेवला होता.

“हा कुणाचा?” मी विचारलं.

“बुवांचा.”

मला वाटलं थट्टा करताहेत. तसलं काही नव्हतं.

“दम कसा घेत्यात, ऐकलंय न्हवं तुमी?” चाचा म्हणाले. “येवढा मोठा गवई, त्याला इतका दम का लागावा? बसायला नीट न्हाई, सूनबाई. फळीवर बसवत असतील. कंबर धरती मानसाची. मी चांगली बैठक शिवून देनार. नगरला कंदी आलं, तर शांतवन सांगंल मला.”

शांतवनला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. मी हसले नाही असं नाही, पण मला ते आवडलं. गाणं ऐकून लोक ‘वा’ म्हणतात. या माणसाला गाणाऱ्याची कंबर दिसली.

गादी वर्षभर चालली होती. मनासारखा कापूस मिळाला की थोडा भरायचे, नाही मिळाला की थांबायचे.

सेहेचाळीसच्या नाताळाआधी शांतवननं फोनो नगरला नेऊन दुरुस्त करून आणला. आम्हाला चकित करायचं होतं त्याला. झालोच आम्ही. त्यानं बुवा लावले, आणि फोनोतून एक बाई गायला लागली. पातळ, तेज आवाज, झरझर चाललेला. मामंजींनी चष्मा काढून हातात धरला.

“वेगाचा स्क्रू गंजून बसला होता,” शांतवन म्हणाला. “मडमेच्या वेळेपासून फोनो हळू फिरत होता. तुमचे बुवा बाई आहेत!”

सगळे हसलो. मग मला एकदम गादी आठवली आणि माझं हसू गेलं. “तो स्क्रू होता तिथं फिरवा,” मी शांतवनला म्हणाले. “चाचांना कळायला नको.”

“खोटं कशाला ऐकवायचं?” तो म्हणाला. खऱ्याचा एवढा पुळका त्याला दुसऱ्या कशात कधी आला नाही.

नाताळच्या दिवशी चाचा फराळाला आले ते खांद्यावर गादी घेऊनच. पांढरी खोळ, कडेनं बारीक टाके. “झाली,” म्हणाले. हातपाय धुतले, कान पुसले, बसले. शांतवननं किल्ली भरली.

बाई गायला लागली. चाचांनी डोळे उघडले.

“ही कोन?”

शांतवननं समजावून सांगितलं. चाचा ऐकत राहिले. त्यांचा चेहरा घरातलं माणूस गेल्यासारखा झाला. “मंग माझं बुवा न्हाईतच?” एवढंच म्हणाले, आणि गादी उचलायला वाकले.

मला ते बघवेना. सासरे आहेत, नवरा आहे, काही न बघता मी उंबरा ओलांडून ओसरीवर आले आणि तो स्क्रू उलटा फिरवला. बाईचा आवाज खाली खाली उतरला, जड झाला, आणि बुवा आले. चाचा तसेच खाली बसले. पुरतं ऐकून झाल्यावर म्हणाले, “आता बाईचं लावा.”

मी लावलं. त्यांनी डोळे मिटले. वरच्या सुराच्या आधी बाईनं एवढासा दम घेतला, आणि चाचांचा हात आपोआप वर उठला.

“तितंच घेतला,” ते हळूच म्हणाले. “तीच हाय. बिचारीला इतकी वर्सं आमी बुवा करून बसवली. दमंल न्हाई तर काय करंल!” आणि ते हसले. माझ्या जिवात जीव आला.

“मग आता गादी बाईंना धाडायची का, चाचा?” मी विचारलं.

त्यांनी गादी उचलली, आणि उंबऱ्याच्या आत, माझ्या उभं राहायच्या जागेवर नेऊन टाकली.

“बाईचीच हाय,” म्हणाले. “गानं लागलं की दाराआड बांगड्या वाजत्यात. सूनबाई पाय बदलत्यात. लई दिसांपासून ऐकतुया मी. गानारीला कुनीबी बसाया देईल. ऐकनारीला कोन देतंय?”

मामंजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “बस, रोझी.”

मी बसले. शांतवननं पुन्हा किल्ली भरली. गाणं तेच होतं, पाठ झालेलं, आणि तरी मला रडू आवरेना. त्या घरात बसून ऐकलेलं ते माझं पहिलं गाणं.