अळणी पेज

आमच्या शेजारची कोळीण गप्प बसलेली तळवली गावात कुणी पाहिली नव्हती. तिच्या मासळीच्या पाटीला कुणाचा नुसता हात लागला, तरी ती सात पिढ्यांचा उद्धार करायची. फक्त तिच्या काळ्या कुत्र्याला सगळं माफ होतं. स्वतःच्या ताटातले खारे बोंबील ती त्यालाच घालायची.

एकदा त्याची लघवी अडली. बिचारा पाय वर करून कुंथायचा, पण थेंबही धड पडेना. ठाण्याच्या गुरांच्या डॉक्टरांनी औषध दिलं, भरपूर पाणी पाजायला सांगितलं आणि खारं बंद केलं. तेव्हापासून दोघांची एकच अळणी पेज.

"मीच चारलं ना त्याला खारं," ती म्हणाली. "त्याला लगवी मोकली व्हईपरत मी पन मीठ खानार नाय."

गावाभोवती मिठागरांचे पांढरे ढीग, आणि ही बाई मिठाला शिवेना.

मग एका सकाळी तिची हाक आली, "या गो, बगा सगली!"

आम्ही धावलो. कुत्रा पाय वर करून उभा होता आणि धार थेट तिच्या धुतलेल्या पाटीवर पडत होती, थांबायचं नाव नाही. आता हा मार खाणार, असं मला वाटलं. पण पाटी हलू नये म्हणून तिनंच ती घट्ट धरून ठेवली होती.

धार संपली, तशी ती माझ्याकडे वळली.

"वयनी, आता चिमूटभर मीठ आन."