पुलाखालचा खोकला

आमच्या शीताउ गावच्या पुलाला छप्पर आहे, कारण लाकूड भिजलं की कुजतं. पण नुसत्या छपराने पूल टिकत नाही, अशी आमच्या सुतारांची ठाम समजूत. दोन्ही काठांवरून तुळया एकमेकींत विणत आणायच्या, मधोमध जोडायच्या. त्याआधी दोन्हीकडच्या पहिल्या तुळईच्या पायाशी, दगडाच्या खोबणीत, एकेका जिवंत माणसाचं नाव कागदावर लिहून ठेवायचं. मग तो माणूस पूल तोलतो. त्यानंतर तो किती दिवस जगतो, याबद्दल मतभेद आहेत.

च्वांग शूहाय सुताराने पश्चिमेच्या काठाकडून पूल बांधला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. पूर्वेचा काठ थोरल्या भावाकडे, बोशानकडे होता. बापाची हत्यारंही त्याच वर्षी बोशानकडे गेली होती. शूहायने चिठ्ठीवर बोशानचं नाव लिहिलं.

पुढची एकेचाळीस वर्षं त्याने भावाला मरू दिलं नाही. थंडीत कोंबडीचं सूप, पावसात आलं, शिंक आली की वैद्य. बोशान उलट बदकाची अंडी पाठवी. बायका या जोडीवरून आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारत. शूहाय मात्र धुक्यात पुलावर पाय ठेवत नसे. बोशान घरी भात खात असला तरी त्याचा खोकला तुळईखालून यायचा. मी शेजारचा मास्तर. हे त्याने मला एकदाच सांगितलं, चिठ्ठीसकट.

मग पुरात पाया हलला आणि दुरुस्ती निघाली. खोबणी उघडणार होत्या, आणि बोशानला वाचता येत होतं.

"पश्चिमेची मी उघडतो," शूहाय म्हणाला.

"दोरीवर लोंबकळणार? गुडघे बघ आधी."

"दादा, तू बस वर. तुला खोकला आहे."

"मला कुठे खोकला?" बोशान म्हणाला.

शूहाय उतरला आणि मूठ आवळून वर आला. तोवर बोशान पूर्वेच्या काठाखाली उतरून, तशीच मूठ आवळून वर येत होता. मी पुलाच्या मधोमध उभा होतो. दोघे तिथेच भेटले. मग थोरल्याने मूठ उघडली. त्याच्या अक्षरात शूहायचं नाव होतं.

"हत्यारं मला मिळाली," बोशान म्हणाला. "तू वर्षभर बोलला नव्हतास. वाटलं, तू माझं नाव घालशील."

"घातलंच होतं."

"अंडी तरी चांगली होती ना?"

"मला बदकाची अंडी आवडत नाहीत, दादा."

दोघांनी आपापल्या चिठ्ठ्या होत्या तिथे परत ठेवल्या. नवं नाव द्यायला गावातून कोणी पुढे आलं नव्हतं.

बोशान गेल्या हिवाळ्यात गेला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. त्या दिवसापासून पश्चिमेचा खोकला थांबला.

"मग आता बरं वाटतंय?" मी विचारलं.

"आता पूर्वेकडून येतो," शूहाय म्हणाला. "माझा."

त्याला खोकला नाही. तरी मी रोज त्याला सूप नेऊन देतो. शाळेत जायला मला तोच पूल लागतो.