न विचारता बोललेला नवस

इनासभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गुडघ्यांवर बसून स्वतःचे कान धरून होते. समोर त्यांची चार वर्षांची लेक लुसी कमरेवर हात ठेवून उभी. मी लग्न होऊन बोईसरला आले त्याच आठवड्यातली ही गोष्ट. पाम गावाच्या रस्त्याला आमची बैठी चाळ होती, भिंतीला भिंत लागून घरं आणि दारं दिवसभर उघडी. एवढा धिप्पाड, टक्कल पडलेला माणूस पोरीपुढे कान धरून बसलाय म्हटल्यावर मला वाटलं, हा नक्की पिऊन आला असणार. असला शेजार मिळाला म्हणून मी आमचं दार लोटूनच घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने, मोनिकाताईंनी, मला हसत हसत उलगडून सांगितलं. सकाळी इनासभाऊंनी लुसीला उगाचच दटावलं होतं. संध्याकाळी त्यांच्या घरी रोझरीची प्रार्थना व्हायची आणि घरचा नियम असा, की ज्याचं चुकलं त्याने आधी माफी मागायची, मगच मारियामातेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लागायची. समोरच्याने ‘माफ’ म्हटल्याशिवाय उठायचं नाही. लहानथोर सगळ्यांना हाच नियम, आणि सुरुवात बहुधा बापापासूनच व्हायची, कारण इनासभाऊंचा पारा पटकन चढे.

ते मूळचे वसईकडचे. एका कापडगिरणीत बॉयलरवर होते. आमच्या घरातून त्यांची टिंगल व्हायची. माझे यजमान म्हणायचे, “इनास, अशाने पोरं डोक्यावर बसतील.”

“बसू द्या,” इनासभाऊ टकलावरून हात फिरवत म्हणायचे. “गुळगुळीत हाय. सरकून खालीच येतील.”

पण ते भोळेसांब नव्हते. एकदा लुसीने कुल्फी दिली नाही म्हणून त्यांना कान धरायला सांगितलं. ते जागचे हलले नाहीत. “ती चूक नाय, तो नकार हाय,” म्हणाले. “चुकेला माफी असते. नकाराला नसते.” पोरगी तासभर भोकाड पसरून बसली, पण कुल्फी काही आली नाही.

लुसीच्या आधीचा, खूपच आधीचा, सायमन. त्याच्या वेळी मोनिकाताई अडल्या होत्या. दवाखान्याबाहेर उभं राहून इनासभाऊंनी नवस केला होता, दोघं वाचली आणि मुलगा झाला तर त्याला देवाच्या कामाला देईन, फादर करीन. दोघंही सुखरूप राहिली आणि तेव्हापासून सायमनचं ठरूनच गेलं. अख्खी चाळ त्याला ‘फादर’च म्हणायची. “ए फादर, बॉल पुन्हा तुळशीत आला तर बघ,” असं मीसुद्धा ओरडायची. तो बिचारा मुकाट्याने बॉल घेऊन जायचा. त्याला काय व्हायचंय हे कुणी विचारलं नाही. त्या घरात कुल्फीवरून एवढी चर्चा व्हायची, पण ह्या गोष्टीवर नाही, कारण ती देवाशी झालेली होती.

दहावी झाल्यावर सायमन फादर होण्याचं शिक्षण घ्यायला मुंबईच्या सेमिनरीत गेला. इनासभाऊंनी गिरणीत पेढे वाटले. दोन वर्षांनी, मे महिन्याच्या सुट्टीत, तो संध्याकाळच्या गाडीने घरी यायचा होता. गाडी आली, तो आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोनिकाताईंचा भाऊ, माकुणसारचा दुमिंग, दारात उभा राहिला.

“पोरगा माज्याकडं हाय,” तो म्हणाला. “बोईसरच्या अलीकडं, सफाळ्यालाच उतरला. सेमिनरी सोडून आलाय. परत जायचा नाय म्हणतो. बापाला तोंड कसं दाखवू म्हणून रडतो.”

मोनिकाताई मटकन खाली बसल्या. “देवाला दिलेलं माघारी घ्यायचं? माझ्या पोराला काय झालं म्हंजे?” त्या एवढंच बोलत राहिल्या. चाळीतल्या बायकाही जमल्या आणि नवस मोडल्यावर कुणाचं काय झालं त्याच्या गोष्टी सांगू लागल्या. मला त्यांचा असा राग आला, की मी ‘तुमचा चहा उतू जातोय’ म्हणत सगळ्यांना घरी पिटाळलं.

इनासभाऊंनी पायात चपला सरकवल्या आणि निघाले. मोनिकाताईंनी माझा हात घट्ट धरला होता, तो सोडवेना, म्हणून मीही गेले. गाडीत इनासभाऊंचा चेहरा लालबुंद होता. त्यांचा पारा मला ठाऊक होता. आज पोराची धडगत नाही, असंच मी धरून चालले होते.

दुमिंगच्या अंगणात, केळीच्या कडेला, सायमन खाटेवर बसला होता. बापाला पाहून उठला आणि मान खाली घालून उभा राहिला. इनासभाऊ ताडताड त्याच्यापुढे गेले, आणि भर अंगणात, सासुरवाडीच्या माणसांसमोर, गुडघे टेकून त्यांनी कान धरले.

“पपा, उठा ना! सगळे बघतात.”

“बघू दे. नवस बोलताना तुला इचारलं नाय, तू अजून जन्मत होतास. पण नंतर सतरा वर्षं होती, तवा पण नाय इचारलं. माझी वस्तू असल्यासारखं तुला देऊन टाकलं. तू बोल, मग उठतो.”

सायमनला रडू आवरेना. “मला देव आवडतो, पपा. पण फादर नाय व्हायचं.”

“मग नको होऊस.”

“आणि नवस?”

“नवस मी बोललो, मीच फेडीन. देव काय तुझ्या मागं लागणार नाय. लागला तर माझ्याकडं पाठव.”

शेवटी सायमन कसाबसा “माफ” म्हणाला. मोनिकाताईंनी इतका मोठा श्वास सोडला की मला माझाही श्वास मोकळा झाल्यासारखं वाटलं. आता उठायचं, तर इनासभाऊंचे गुडघे धरले होते! मी आणि दुमिंग दोन बाजूंनी ओढतोय आणि ते “हळू, हळू, वहिनी” म्हणत कण्हताहेत. रडता रडता सायमन हसायला लागला, आणि मग सगळेच.

पुढे बोईसरच्या चर्चमधल्या फादरांनी इनासभाऊंना सांगितलं, की दुसऱ्याच्या आयुष्याचा नवस आपल्याला बोलताच येत नाही, तेव्हा फेडायचं काही उरलेलंच नाही. इनासभाऊ म्हणाले, “पण माझ्या तोंडातून गेलंय ना.” आणि दर शनिवारी पाळी संपली की जाऊन ते चर्चची फरशी धुवायचे. मरणाच्या आजारात अंथरूण धरेपर्यंत त्यांनी हे काम कुणाला करू दिलं नाही. सायमन वायरमन झाला. चाळीतल्या माझ्या घरात पहिला पंखा त्यानेच बसवला.

त्या दिवशी आम्ही माकुणसारहून परतलो तेव्हा ऊन कललं होतं. सायमनची ट्रंक इनासभाऊंनी स्वतःच्या टकलावर घेतली होती, त्याला हातसुद्धा लावू देत नव्हते. चाळीतल्या बायका दारादारांत उभ्या. लुसीने आम्हाला लांबूनच पाहिलं आणि धावत सुटली.

“फादर आला! आमचा फादर आला!”

सायमनचं पाऊल अडखळलं. मोनिकाताईंनी डोळे मिटून घेतले. इनासभाऊंनी ट्रंक सावकाश खाली ठेवली आणि चाळीतल्या प्रत्येक दाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“फादर नाय गं. सायमन आलाय. जा, दादाला पाणी आण.”