बाराव्या मैलावरचा मोडेम

लिंझी ट्रेवास्किसच्या हातात काहीही द्या, तो आधी ते उलटं करून खाली स्क्रू आहेत का बघतो. आमच्या चर्चच्या पाळकबाईंनी त्याला एकदा जेवायला बोलावलं, तर पुडिंग येईपर्यंत त्याने त्यांचं भिंतीवरचं घड्याळ खोलून बशीत काढून ठेवलं होतं. जन्मभर टेलिफोन खात्यात तारा ओढल्या. खात्याने खांब काढले तेव्हा त्यालाही काढलं. मग घरी बसून त्याने गावच्या पाण्याच्या टाक्यांना बोलायला शिकवायचं ठरवलं.

त्यासाठी त्याने काड्यापेटीएवढं एक यंत्र आणवलं. आत मोडेम, सिमकार्ड आणि एक हिरवा दिवा. खरं तर ते इंजिनिअर लोकांनी टेबलावर प्रयोग करून बघायला काढलेलं. लिंझीने ते सँडविचच्या डब्यात घातलं, उंच एरियल जोडलं आणि टाकीला तारेने बांधलं. टाकीत किती पाणी आहे ते मोबाइलवर दिसू लागलं. तोपर्यंत सगळ्यांना गाडीने टाकी टाकी हिंडून बघावं लागायचं. या पाण्याच्या फेरीत उन्हाळ्याचा अर्धा दिवस जायचा.

सगळ्यात मोठा फायदा ग्लेनिस नोस्केचा झाला. नवरा गेल्यावर एवढं रान ती एकटी सांभाळत होती. दुष्काळात तिने बाकी जनावरं विकली आणि निवडक गाभण गाई तेवढ्या ठेवल्या. त्या बाराव्या मैलावरच्या बोअरवर होत्या. तिथे पाणी एकाच टाकीत, आणि आजूबाजूला दुसरा थेंब नाही. त्या गाई म्हणजे तिचं उद्याचं सगळं.

त्या उन्हाळ्यात मोबाइल कंपनीने टॉवरवर काहीतरी बदललं आणि मोडेममधला मूळ प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, नवा भरणं भाग पडलं. लिंझीने एकेक टाकी उरकत आणली. बाराव्या मैलाची शेवटची. त्याच्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, त्यामुळे तो पिकअपच्या सिगारेट लायटरच्या भोकातून वीज घ्यायचा. यंत्र सीटवर, लॅपटॉप मांडीवर, इंजिन चालू. काम निम्म्यावर आलं, तेवढ्यात धुरळा उडवत ग्लेनिस आली.

आमच्याकडे रानात दोन गाड्या भेटल्या की खिडकीला खिडकी लावून थांबतात आणि इंजिन बंद करतात. दोघांनीही. चालू इंजिनावर बोलणं म्हणजे पाहुण्याला दारातच उभं ठेवणं. ग्लेनिसने किल्ली फिरवली, आणि लिंझीच्या हाताने त्याला न विचारता आपलीही फिरवली. लॅपटॉप काळा पडला.

"काय रे, भूत दिसलं का?" ग्लेनिस म्हणाली.

"काही नाही. मशीन जरा झोपलं."

"तुझी मशिनं आमच्या ह्यांच्यासारखीच. काम सांगितलं की डोळा लागलाच. पाणी किती आहे?"

"अडुसष्ट टक्के."

"मग मी सुटले. घरचं कुंपण पडलंय, ते आधी बघते. आणि लिंझी, तो खात्याचा विटका शर्ट जाळ आता."

ती गेल्यावर त्याने पुन्हा सगळं चालू केलं. पडद्यावर आलं, अयशस्वी. यंत्राचं बटण दाबून धरून सुरू केलं, तरी अयशस्वी. जुना प्रोग्रॅम पुसून झाला होता आणि नवा आला नव्हता. हिरवा दिवा मात्र छान लुकलुकत होता, कारण त्याची चिप वेगळी. दार उघडं, दिवा लावलेला, आणि घरात कोणी नाही. लिंझीने यंत्र काढून खिशात घातलं.

माझी इथे पेट्रोल पंपाला लागून खाणावळ आहे आणि गावातला एकमेव धड चालणारा एसी माझ्याकडे. म्हणून लिंझीने कोपऱ्यातल्या टेबलावर बस्तान मांडलं. पहिली शंका केबलवर. मग दुसरी केबल, मग माझा कॉम्प्युटर, मग सगळं सॉफ्टवेअर नव्याने. मी मटण पॅटिस ठेवून गेलो की त्याला सॉसमध्ये सोल्डरिंगची तार सापडायची.

"मोडेम उत्तर देत नाही," तो म्हणायचा.

"माझी सासूही देत नाही. तरी आम्ही जगतो."

"थेट चिपला भिडणारा प्रोग्रॅमर लागणार. टपालाच्या विमानाने मागवलाय."

टेबलावर यंत्रांच्या असल्या डझनभर सर्किट-पट्ट्या पडलेल्या असायच्या. त्यातली ही कुठल्या टाकीची, ते मला ठाऊक नव्हतं. ग्लेनिसलाही नव्हतं. लिंझीचं म्हणणं, नीट होणारच आहे, मग सांगून तिच्या जिवाला घोर कशाला लावा. आमच्यात बिघाड सांगायची रीत दुरुस्तीनंतरची.

एका दुपारी काउंटरवरच्या बिनतारी रेडिओतून ग्लेनिसचा आवाज आला. "लिंझी, अजून अडुसष्टच दिसतंय. बरोबर आहे ना?"

लिंझीने मोबाइल बघितला. नवा आकडा आला नाही तर जुनाच दाखवायचा, असं त्यानेच प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलं होतं. रिकामी जागा दिसली की लोक घाबरून फोन करतात.

"अडुसष्टच दिसतंय," तो म्हणाला, आणि चहा तसाच टाकून पुन्हा केबलकडे वळला.

प्रोग्रॅमर आला. त्याने फर्मवेअर सुरुवातीपासून भरलं आणि मोडेम टॉवरशी बोलला. लिंझीने आनंदाने माझ्या बायकोचा हात हलवला, तिच्या हातातल्या अंड्यांसकट. मग तो बाराव्या मैलावर यंत्र बसवायला गेला.

टाकीखालचा पाइप सांध्यातून निसटला होता. पाणी रेतीत जिरून वरची रेतीसुद्धा वाळली होती. गाई कोरड्या हौदाभोवती पडल्या होत्या, कित्येकींच्या माना काठावर. ज्या जिवंत होत्या त्यांना उठवत नव्हतं. लिंझीने रेडिओवर ग्लेनिसला तेवढं एकच वाक्य सांगितलं, की ये, येताना रायफल आण.

तिने कोणाला बंदूक धरू दिली नाही. लिंझी काडतुसं देत गेला. एकेक गाय बघायची, मानेवर हात ठेवायचा, मग पुढे. त्याने मध्येच किल्लीची गोष्ट सांगितली, आकड्याचीही. ती म्हणाली, "काडतूस." पुन्हा म्हणाली, "काडतूस."

सगळं झाल्यावर हातांना काय काम द्यावं ते न कळून त्याने यंत्र टाकीला बांधलं. इथे काउंटरवर माझ्या मोबाइलवर बाराव्या मैलाचा आकडा बदलला. अडुसष्टचं शून्य झालं. मला वाटलं, मोडेम पुन्हा बिघडला.

आता लिंझीच्या प्रोग्रॅममध्ये निरोप आला नाही तर जागा रिकामी दिसते. लोक घाबरून फोन करतात आणि तो प्रत्येकाला म्हणतो, जाऊन बघ. शर्ट तोच आहे. घड्याळं मात्र खोलत नाही.

परवा माझ्या पंपाबाहेरच्या रस्त्यावर दोघं समोरासमोर आली. खिडकीला खिडकी लागली. लिंझीने सवयीने किल्ली फिरवली. ग्लेनिसने नाही फिरवली. तिचं इंजिन घरघरत राहिलं.

"कुठे निघालीस, ग्लेन?" त्याने विचारलं.

"पाण्याच्या फेरीला," ती म्हणाली, आणि गाडी गिअरमध्ये टाकली.