गंगम्मा टाकलेली नव्हती

चाकूरकडच्या गंगम्माला गाव दहा वर्षं ‘टाकलेली’ म्हणत आलं. बाहत्तरच्या दुष्काळात तिचा नवरा गुरुपादप्पा खडी फोडायच्या कामावर गेला, तो परत आलाच नाही. कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीत किडे निघाले म्हणून त्यानं आदल्या दिवशी साहेबासमोर आवाज चढवला होता. गंगम्मा पोलीस ठाण्यात गेली, तर ‘आम्ही कुणाला आणलंच नाही’ हे उत्तर. मग लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार! हैदराबादेत दुसरं बिऱ्हाड केलं म्हणे. सासू रत्नम्मा उठताबसता सुनावायची, “तुझ्या तोंडाला कंटाळूनच गेलं माझं लेकरू.” हळूहळू गंगम्मालाही ते खरं वाटू लागलं. रडावं म्हटलं तरी रागच यायचा.

तरीही लातूर जिल्हा झाला तेव्हा तिनं नव्या कचेरीत पुन्हा गाऱ्हाणं घातलं. साहेब म्हणाला, “पोलिसांनी त्याला नेताना पाहिलेला एक तरी माणूस आणा.” ती दारोदार फिरली. कामावरच्या शंभर माणसांची नेमकी त्याच वेळी पाठ होती म्हणे!

एका दुपारी बौद्धवाड्यातली सरजाबाई अंगणाबाहेर येऊन उभी राहिली. तीही तेव्हा खडी फोडायला होती. तिनं पदराची गाठ सोडली. आत गुरुपादप्पाच्या गळ्यातलं इष्टलिंग होतं, तुटक्या दोऱ्यासकट. त्याची पूजा केल्याशिवाय तो सकाळी पाण्याचा घोटही घेत नसे. ते टाकून तो स्वतःहून कुठं जाणार?

“जीपमंदी कोंबताना दोरा तुटला, अक्का. म्या उचललं. पन आमचा हात लागला, बाटलं म्हून गाव काय करंल? अन् पोलिसाचं भ्या लई.”

“लिंग कुठं बाटतं का, येडे!” गंगम्मा म्हणाली, आणि मग तिच्या तोंडून निघालं, “उपाशी राह्यला असंल गं त्यो.” त्या दिवशी ती नवऱ्यासाठी पोटभर रडली.

दहा वर्षांच्या गप्पपणाचा तिला राग यायला हवा होता. आला नाही. बाकीच्यांनी तर तोंडच उघडलं नव्हतं. सरजाबाईनं मात्र लातूरला येऊन साहेबासमोर सांगितलं, “ह्या डोळ्यांनी बघितलं. जीप पोलिसाची व्हती.”

गुरुपादप्पाचा पत्ता लागला नाही, कुणाला शिक्षाही झाली नाही. पण गंगम्मा मरेपर्यंत सरजाबाईचे उपकार सांगत राहिली.

त्या दिवशी दोघी लातूरहून परतल्या तेव्हा रत्नम्मानं सरजाबाईला हाताला धरून घरात नेलं, जवळ बसवलं. मग विचारलं, “नेताना काय म्हनत व्हता गं?”

“‘घरी सांगा, घरी सांगा’ म्हून वरडत व्हता.” सरजाबाईनं मान खाली घातली. “म्या सांगितलं न्हाई.”

गंगम्मानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“सांगितलंस की, बाई.”