खाज्यांवर उभं राहिलेलं घर

आमच्या हळर्णात घरं बघायला येणाऱ्या गाड्या दिसल्या की माझं डोकं फिरतं. विमानतळ झाला आणि ज्यांनी कधी पेडण्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ते आता आमच्या बांधावर उभे राहून फोटो काढतात. काढू देत. त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो आपल्याच माणसांवर, आणि त्यात पहिला नंबर रुद्रेशचा. कमलाक्षीकाकीचं घर विकून द्यायचं काम त्याने घेतलं होतं.

कमलाक्षीकाकी माझी शेजारीण. ती आणि तिचा नवरा सगुण, दोघं मिळून खाजी करून विकायची. बेसनाच्या काड्या तळून त्या आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या, हा त्यांचा धंदा. आमच्याकडे जत्रेहून कुणी खाज्यांची पुडी न घेता परतत नाही, आणि पेडणे-डिचोलीतली एक जत्रा अशी नव्हती जिथे या दोघांचं दुकान लागलं नाही. त्याच पैशातून त्यांनी घर बांधलं. शीतल, त्यांची एकुलती मुलगी, जन्मली त्या साली पाया घातला. एक जत्रा झाली की थोडे चिरे आणायचे, गवंड्याला बोलवायचं, पैसे संपले की थांबायचं. म्हणून काकी अजून भिंतींना जत्रांच्या नावांनी ओळखते. माजघरातली नार्व्याची भिंत, पडवीतली मुळगावची. आत येणाऱ्या प्रत्येकाला ती हे सांगायची आणि माणसं हसायची.

सगुण गेला. काकीचे गुडघे गेले. शीतल कारापूरला दिलेली, तिच्या घरामागे मोकळी जागा, तिनेच आईला बोलावून घेतलं. घर बंद ठेवलं तर वाळवी खाईल, तेव्हा विकायचं ठरलं. काकीचं म्हणणं एवढंच होतं की घर जसं आहे तसं दाखवा आणि त्याची जी रास्त किंमत होते ती द्या. यात काय चुकलं तिचं?

रुद्रेश आमच्याच वाड्यावरचा. लहानपणी काकीच्या परातीतली खाजी पळवत होता. आता टोकदार बूट घालतो आणि घराला 'प्रॉपर्टी' म्हणतो. त्याने चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाला, "काकी, असां ठेवलां तर घराक किंमत नाय. जाग्याची मेळतली तितकीच. पण पोर्तुगीज घर म्हणान दाखयलां तर दुप्पट."

"पोर्तुगीज?" काकी म्हणाली. "ह्यां घर सगुणान बांदलां रे."

"तां कोणाक सांगूचां नाय."

पोर्तुगीज आमच्या गावच्या किल्ल्यात येऊन बसले होते, हे खरं. पण ते गोवा सोडून गेले तेव्हा काकी पाळण्यात होती. रुद्रेशला त्याचं काही नाही. त्याने भिंतींना पिवळा रंग मारून घेतला, कडांना पांढरे पट्टे ओढले, कुठल्याशा मोडलेल्या घराची शिंपल्यांची जनेलां, म्हणजे खिडक्या, आणून बसवली. ज्या सोप्यावर बसून काकी तीळ निवडायची त्याचं नाव झालं 'बालकांव'. जाहिरातीत छापलं, शंभर वर्षांपूर्वीचं पोर्तुगीज घर. काकीने ते चालवून घेतलं. मुलीच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, हे तिच्या मनात होतं.

पण ती चार दिवस कारापूरला गेली आणि त्याने मागच्या अंगणातली खाज्यांची चूल फोडून टाकली. दोन माणसांच्या ताकदीने कढई उतरवायची, एवढी मोठी चूल. धुराने काळी झालेली मागची भिंतही चुन्याने पांढरी केली. काकी परत आली, चुलीच्या जागेवर उभी राहिली, आणि तिने रुद्रेशला विचारलं, "माज्या चुलीन तुजां काय खाल्लां रे?"

"काकी, गिरायकाक काळी भिंत बरी दिसत नाय."

मी तिथेच होतो. त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. दिल्या नाहीत, याचं आजही वाईट वाटतं.

मग पुण्याचं एक जोडपं घर बघायला आलं. नवरा-बायको दोघंही सभ्य, हळू बोलणारी. त्यांनी जनेलांवरून हात फिरवला, रंगाचं कौतुक केलं, "काय जुनी वास्तू आहे," असं दोनदा म्हणाली. रुद्रेश फुलून गेला, त्याने दुप्पट भाव सांगितला आणि व्यवहार ठरल्यासारखाच झाला. आता आमच्याकडची एक रीत अशी की जागा दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तर आधी राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, सांगायचं. काकीच्या अंगणाच्या कोपऱ्यात भेंडीच्या जुन्या, डेरेदार झाडाखाली त्याचा दगड आहे. वर छप्पर नाही, मूर्ती नाही. वर्षातून एकदा तिथे तांदळाच्या पिठाचा रोट ठेवतात. घेणाऱ्याला समोर उभं करायचं, नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, देवाला सगळं मोठ्याने सांगायचं. वाड्यावरची गाऱ्हाणी मी घालतो म्हणून काकीने मला बोलावलं होतं. रुद्रेशने आनंदाने मान डोलावली. "करूया, पुण्याच्या लोकांना असलं आवडतं," असं तो माझ्या कानात म्हणाला.

मी नारळ घेऊन उभा राहिलो. "बा राखण्या म्हाराजा, तुज्या पायाकडे परगावची माणसां इली आसत, ह्यां घर..." आणि अडलो. घर कसलं म्हणून सांगू? जाहिरातीतलं त्या दगडासमोर बोलायला माझी जीभ रेटेना.

काकीने माझ्या हातातून नारळ घेतला. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे पद्धत नाही, पण तिला अडवायची कुणाची टाप नव्हती.

"बा राखण्या म्हाराजा," ती म्हणाली, "ह्यां घर पोर्तुगीजांनी बांदूक नाय."

गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्या पुरुषांनी साथ द्यायची असते. न दिली तर राखणदार जाब विचारतो, असं आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलोय. बूट घातले म्हणून ती भीती जात नाही. मी म्हणालो, "व्हय म्हाराजा." आणि माझ्या शेजारी हात जोडून उभा असलेला रुद्रेशही म्हणाला, "व्हय म्हाराजा."

"आमी दोगांनी खाजी इकून बांदलां."

"व्हय म्हाराजा."

"जनेलां दुसऱ्याची, रंग मागच्या म्हयन्यातलो."

"व्हय म्हाराजा," रुद्रेश म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

पुण्याच्या माणसाला सगळं कळलं. कळायला आमची भाषा काही फार लांबची नाही. तो रागावला नाही, पण त्याचा चेहरा व्यवहाराचा झाला. म्हणाला, "मग हे साधंच घर. आम्ही पाडून नवीन बांधू. जागेचा भाव देऊ." आणि रुद्रेश, ज्याने मघाशी याच घराच्या नावाने दुप्पट मागितले होते, तो लगेच त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "बरोबर आहे, काकी. घराक किंमत नायच."

म्हणजे बघा. खोटं बोललं तर घर सोन्याचं, खरं सांगितलं तर माती. दोन माणसांनी उभा जन्म कढईसमोर होरपळून काढला, त्याची किंमत कुठेच नाही. काकी मात्र शांत होती.

"जाग्याचो भाव चलतलो," ती म्हणाली. "पण किंमत नाय तर घर माजां. मी घर घेवन जातंय, जागो मोकळो करून दितंय."

पुण्याचा माणूस हसला. पाडायचा खर्च वाचला, त्याला काय. तसं करारात लिहिलंही गेलं.

त्यानंतर शीतलने ट्रक केले. आधी कौलं उतरली, मग वासे, मग फणसाच्या लाकडाची दारं. पिवळा रंग खरवडून एकेक चिरा सुटा केला. काकी सोप्यावर बसून सांगत होती, ही मुळगावची, वेगळी लावा, ही नार्व्याची. शिंपल्यांची जनेलां तेवढी तिने रुद्रेशच्या दारात नेऊन ठेवायला लावली.

जागा ताब्यात घ्यायला पुण्याची दोघं आली तेव्हा शेवटचा ट्रक भरत होता. बाईने दारावरून हात फिरवला. "हे दार किती सुंदर आहे. एवढं ठेवा ना. आम्ही वेगळे पैसे देतो."

"ज्येका किंमत नाय, त्येचे पैशे कसले घेवचे?" काकी म्हणाली.

मग ती काठी टेकत भेंडीच्या झाडाखाली गेली. राखणदार जागेचा. त्याला नेता येत नाही. तिने दगडावर रोट ठेवला आणि हात जोडले. आम्ही सगळे मागे उभे राहिलो, रुद्रेशही.

"बा राखण्या म्हाराजा, तू हंयच रव. घर मी घेवन जातंय. कारापुराक परत बांदतलंय, चुलीसकट. ह्या घराक किंमत नाय म्हणान सांगणारो मनीस हंयच उबो आसा, आणि तो खोटां बोललो."

या वाक्याला मी मुद्दाम साथ दिली नाही. काकीने मागे वळून पाहिलं.

"व्हय म्हण रे, रुद्रेश."

रुद्रेशने दगडाकडे पाहिलं, बूट काढून बाजूला ठेवले आणि म्हणाला, "व्हय म्हाराजा."