कोरडा फासा

तंगुसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याचा, फासा आवळण्याआधी त्याला थुंकी लावायची, नाहीतर दोरा घासून कमजोर होतो, हे मी भाऊजींना तीनदा सांगितलं होतं. पण बहिणीचा नवरा पडला घरचा जावई. त्याला शिकवणार कोण?

"मले नको शिकवू," म्हणाले आणि माझ्या गळाचा फासा कोरडाच करकचून आवळला. पैनगंगेत हातभर मरळ लागली आणि दोरा नेमका गाठीतच तुटला.

मी भडकलो. "थुंकी काहून नाही लावली?"

"तोंडात खर्रा होता ना बे."

सकाळपासून पिचकाऱ्या मारून या माणसानं अख्खा काठ रंगवला होता, आणि माझ्या गाठीसाठी त्याच्याकडे थेंबभर थुंकी नव्हती!